शरीरातील ऑक्सिजनची पातळी आणि विषाणूसंसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्सिजनची पातळी म्हणजे नेमकी कुठली पातळी?

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा धमन्यांतील रक्ताची स्थिती सांगतो. यकृताच्या, आतड्याच्या किंवा अस्थिमज्जेच्या पेशीपर्यंत किती ऑक्सिजन पोचतो आहे, हे त्यावरून कळत नाही. विषाणूंच्या संदर्भात या दोन्ही पातळ्या महत्त्वाच्या आहेत, पण त्यांच्याशी निगडित प्रश्न वेगळे आहेत. रक्तातली पातळी घसरणे हा बहुतेक वेळा फुफ्फुसांच्या संसर्गाचा परिणाम असतो आणि ती फार खाली गेली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. ऊतींमधील पातळी मात्र ठणठणीत माणसातही जागोजागी वेगवेगळी असते, आणि एखादा विषाणू तिथल्या पेशीत किती सहज शिरेल व किती वेगाने वाढेल, हे काही अंशी तिच्यावर ठरते. या विषयावरचा बराचसा गोंधळ या दोन गोष्टींची सरमिसळ केल्याने होतो.

निरोगी शरीरात ऑक्सिजन सगळीकडे सारखा असतो का?

नाही, आणि हा फरक बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. समुद्रसपाटीवरच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते आणि त्याचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा, पाऱ्याच्या सुमारे १६० मिलिमीटरइतका भरतो. फुफ्फुसांतील वायुकोशांत तो सुमारे १०० वर येतो, धमन्यांतील रक्तात साधारण ८० ते १०० असतो, आणि ऊतींपर्यंत जाताजाता आणखी बराच उतरतो. यकृताचे उदाहरण बोलके आहे : जिथून रक्त आत येते त्या बाजूच्या पेशींना सुमारे ६० ते ६५ मिलिमीटर दाबाचा ऑक्सिजन मिळतो, तर अगदी थोड्या अंतरावर, जिथून रक्त बाहेर पडते तिथल्या पेशींना ३० ते ३५ मिलिमीटरवरच भागवावे लागते. अस्थिमज्जा आणि लसीकाग्रंथींचे काही भाग याहूनही कमी ऑक्सिजनवर चालतात, आणि आतड्याच्या पोकळीत तर तो जवळजवळ नसतोच. म्हणजे ‘कमी ऑक्सिजन’ ही प्रत्येक वेळी आजाराची खूण नसते. कित्येक अवयवांची ती रोजची, नैसर्गिक स्थिती आहे, आणि विषाणूंना याच स्थितीत आपला कार्यभाग साधावा लागतो.

ऑक्सिजन कमी झाला आहे, हे पेशीला कसे कळते?

ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा या तिघांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पेशीत ‘एचआयएफ’ नावाचे एक नियंत्रक प्रथिन सतत तयार होत असते. ऑक्सिजन पुरेसा असला की काही विकरे (एन्झाइम) त्याच ऑक्सिजनचा वापर करून या प्रथिनाच्या अल्फा भागावर एक रासायनिक खूण उमटवतात, ती खूण ‘व्हीएचएल’ नावाचे दुसरे प्रथिन ओळखते, आणि काही मिनिटांतच एचआयएफची विल्हेवाट लावली जाते. ऑक्सिजन कमी पडला की खूण उमटत नाही, एचआयएफ साठत जाते, पेशीकेंद्रात शिरते आणि शेकडो जनुकांचे काम बदलते. पेशी ग्लुकोज अधिक प्रमाणात आत घेऊ लागते, ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्याकडे वळते, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून संदेश पाठवते, आणि मूत्रपिंडाच्या काही पेशी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडून तांबड्या पेशींची निर्मिती वाढवतात.

विषाणूला स्वतःचा चयापचय नसतो. ऊर्जा, कच्चा माल आणि यंत्रसामग्री या तिन्हींसाठी तो पेशीवर अवलंबून असतो. त्यामुळे पेशीचा कारभार एवढ्या मोठ्या प्रमाणावर बदलला की विषाणूचे भवितव्यही बदलते.

मग कमी ऑक्सिजनमुळे विषाणू वाढतात की घटतात?

याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि जे कोणी तसे देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये असे मला वाटते. काही विषाणूंना कमी ऑक्सिजन मानवतो, काहींना तो अडथळा ठरतो, तर एकाच विषाणूच्या बाबतीत वेगवेगळ्या पेशींत उलटसुलट निष्कर्ष मिळालेले आहेत.

मानवणाऱ्यांपैकी सर्वांत सुबोध उदाहरण पार्व्होव्हायरस बी-१९ चे आहे. हा विषाणू अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या पूर्वपेशींमध्ये वाढतो, आणि प्रयोगशाळेत ऑक्सिजन सुमारे १ टक्क्यावर आणला असता त्याची वाढ अधिक जोमाने होते. जिथे तो एरवीही राहतो तिथली परिस्थिती बघता यात नवल नाही. डेंग्यूच्या विषाणूची जनुकीय प्रत काढण्याची क्रिया यकृतपेशींमध्ये ३ टक्के ऑक्सिजनवर वाढल्याचे आढळले आहे. यकृतदाह सी विषाणूबाबतही असाच कल दिसतो. यकृतदाह बी विषाणूच्या डीएनएवर तर एचआयएफ प्रत्यक्ष जाऊन बसते आणि त्याचे वाचन वाढवते.

हर्पीस कुळातील विषाणूंची तऱ्हा आणखी वेगळी आहे. एपस्टाइन-बार विषाणू आणि कापोसी सार्कोमा या कर्करोगाशी संबंधित विषाणू वर्षानुवर्षे पेशींत निद्रिस्त पडून राहतात, आणि ऑक्सिजनची कमतरता हा त्यांना जागे करणाऱ्या संकेतांपैकी एक असल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. एपस्टाइन-बारच्या बाबतीत एचआयएफ नेमक्या त्याच जनुकाला चालना देते, ज्याच्यामुळे विषाणू सुप्तावस्थेतून बाहेर येतो.

याच्या अगदी उलट एचआयव्हीचे आहे. कमी ऑक्सिजनवर वाढवलेल्या टी-पेशींमध्ये, म्हणजे तो ज्यांत वाढतो त्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, त्याच्या जनुकांचे वाचन मंदावते आणि तो सुप्त राहण्याची शक्यता वाढते. वरवर ही चांगली बातमी वाटते, परंतु एचआयव्हीवरील उपचारांतली सर्वांत अवघड अडचण हे सुप्त साठेच आहेत, आणि ते ज्या आतड्याच्या व लसीकाग्रंथींच्या ऊतींमध्ये दडलेले असतात, तिथे ऑक्सिजन मुळातच कमी असतो. ॲडिनोव्हायरसची वाढही कमी ऑक्सिजनवर घटते. कर्करोगाच्या गाठी नष्ट करण्यासाठी बदललेले ॲडिनोव्हायरस वापरू पाहणाऱ्यांना ही गोष्ट फार अडचणीची ठरली, कारण मोठ्या गाठींचा अंतर्भाग ऑक्सिजनला पारखा झालेला असतो.

कोव्हिड-१९ च्या विषाणूबद्दल काय माहीत आहे?

एकाच विषाणूबाबत उलटसुलट निष्कर्ष मिळतात असे वर म्हटले, ते मुख्यतः याच विषाणूला लागू पडते. फुफ्फुसांच्या अस्तरपेशींमध्ये एचआयएफ सक्रिय झाले की, पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या एसीई-२ या ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटून विषाणू आत शिरतो त्या ग्राहकाचे आणि त्याला साहाय्य करणाऱ्या टीएमपीआरएसएस-२ या विकराचे प्रमाण घटते, आणि संसर्ग कमी होतो. रक्तातील मोनोसाइट पेशींमध्ये मात्र एचआयएफ आणि त्याने वाढवलेला ग्लुकोजचा वापर विषाणूच्या पथ्यावर पडतो आणि दाह निर्माण करणारे संदेशक भडकतात. पेशीचा प्रकार सांगितल्याशिवाय ‘कोव्हिडमध्ये कमी ऑक्सिजन चांगला की वाईट’ हा प्रश्नच पुरा होत नाही.

विषाणू स्वतः एचआयएफची पातळी वाढवू शकतात का?

होय, आणि तेही ऑक्सिजन भरपूर असताना. यकृतदाह बी विषाणूचे ‘एक्स’ प्रथिन, मानवी पॅपिलोमा विषाणूची ई-६ व ई-७ प्रथिने, एपस्टाइन-बार विषाणूचे एलएमपी-१ आणि कोव्हिडच्या विषाणूचे ओआरएफ-३ए ही सर्व एचआयएफ वाढवतात किंवा टिकवून धरतात. यांपैकी जे विषाणू दीर्घकाळ मुक्काम करतात, त्यांच्या पेशींचा चयापचय कर्करोगपेशींसारखा वळण घेतो, त्याला हे एक कारण मानले जाते.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष शरीराला किती लागू होतात?

विषाणूशास्त्रातील बहुसंख्य प्रयोग ज्या उबवणपेटीत होतात, तिच्यात तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि कार्बन डायऑक्साइड ५ टक्के ठेवलेला असतो, पण ऑक्सिजन मात्र जवळपास बाहेरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे १८ ते १९ टक्के असतो. शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशीला एवढा ऑक्सिजन कधीच मिळत नाही. म्हणजे ज्याला आपण ‘सामान्य परिस्थिती’ म्हणून गृहीत धरतो, तीच मुळात असामान्य आहे. शिवाय पेशी तळाला असतात आणि त्यांच्यावर पोषक द्रवाचा थर असतो. पेशी दाट झाल्या की त्या ऑक्सिजन इतक्या झपाट्याने वापरतात की पेटीत कितीही असला तरी तळाशी तो पुष्कळ कमी झालेला असू शकतो, आणि तो तिथे मोजला नाही तर संशोधकालाही त्याचा पत्ता लागत नाही. एखाद्या औषधाचा किंवा विषाणूचा अभ्यास वाचताना तो किती ऑक्सिजनवर केला, हे पाहण्याची सवय वाचकांनी अवश्य लावून घ्यावी.

रोगप्रतिकारक पेशींवर काय परिणाम होतो?

तो मिश्र स्वरूपाचा असतो. न्यूट्रोफिल पेशी रोगजंतू मारण्यासाठी ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील रेणू बनवतात, त्यामुळे ऑक्सिजन अगदीच कमी झाला तर त्यांचे हे शस्त्र बोथट होते. दुसरीकडे, सूज आलेल्या जागी ऑक्सिजन नेहमीच घटलेला असतो आणि तिथे टिकून काम करण्यासाठी मॅक्रोफेज व मारक टी-पेशी एचआयएफवरच विसंबतात. काही पेशींमध्ये ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे इंटरफेरॉनची यंत्रणा, म्हणजे विषाणूविरुद्धची पहिली हाकाटी, मंदावल्याचेही दिसले आहे.

विषाणूसंसर्गात रक्तातील ऑक्सिजन का घसरतो?

वायुकोश आणि त्याला बिलगलेली केशवाहिनी यांच्यामधला पडदा एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. इन्फ्लुएंझा, कोव्हिड किंवा अन्य विषाणूंमुळे न्यूमोनिया झाला की वायुकोशांचे अस्तर फाटते, त्यांत द्रव आणि दाहपेशी भरतात, आणि तो वायुकोश हवा घेईनासा होतो. रक्त मात्र त्याच्या शेजारून वाहतच राहते. हे रक्त ऑक्सिजन न घेताच हृदयाकडे परतते आणि चांगल्या भागातून आलेल्या रक्तात मिसळून एकूण पातळी खाली आणते.

अशा वेळी शरीराचा एक बचाव असतो : हवा नसलेल्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवले जाते. उल्फ फॉन ऑयलर आणि गोरान लिलेस्ट्रांड यांनी १९४६ साली याचे वर्णन केले. संसर्गामुळे हा बचावच बिघडला, किंवा लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या, तर फुफ्फुसाचा फारसा भाग खराब झालेला नसतानाही ऑक्सिजन अनपेक्षितपणे खाली जातो. पालथे झोपवल्याने अनेक रुग्णांची पातळी सुधारते, कारण फुफ्फुसांचा पाठीकडचा, रक्तपुरवठा भरपूर असलेला भाग दबावातून मोकळा होऊन पुन्हा हवा घेऊ लागतो.

दम लागत नसतानाही ऑक्सिजन कमी असू शकतो का?

असू शकतो, आणि हीच गोष्ट सर्वांत धोक्याची आहे. दम लागल्याची जाणीव प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. मानेतील धमन्यांजवळचे सूक्ष्म संवेदक ऑक्सिजन मोजतात खरे, पण त्याचा आंशिक दाब साधारण ६० मिलिमीटरच्या खाली गेल्यावरच ते जोराने इशारा देतात. फुफ्फुसे अजून लवचीक असतील, तर रुग्ण किंचित जलद श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर टाकत राहतो आणि त्याला त्रास जाणवत नाही. कोव्हिडच्या साथीत असे रुग्ण जगभर दिसले : खाटेवर बसून फोनवर पूर्ण वाक्यांत बोलणारा, जेवण मागणारा माणूस, आणि बोटावरच्या यंत्रावर ८० च्या आसपासचा आकडा. अशा रुग्णाच्या श्वासांची पूर्ण एक मिनिट मोजणी केली तर ती बहुधा वाढलेली आढळते, म्हणून श्वासांचा वेग मोजणे कधीही टाळू नये.

ऑक्सिमीटरवर कितपत विश्वास ठेवावा?

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर हे यंत्र चालते. ते बोटातून सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश पाठवते. ऑक्सिजन धारण केलेले आणि न केलेले हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी प्रकाशात होणारा चढउतार तेवढा वेगळा काढून यंत्र टक्केवारीचा हिशेब करते. हे सर्व नाडीवर अवलंबून असल्यामुळे बोटे गार पडली, रक्तदाब उतरला, हात हलला किंवा नखांवर गडद रंग असला की आकडा चुकतो. पाच मिनिटे शांत बसावे, हात ऊबदार करून छातीच्या उंचीवर स्थिर ठेवावा, आणि आकडा निदान अर्धा मिनिट टिकून राहिल्यावरच तो लिहून घ्यावा.

नीट मोजले तरी यंत्र ९० दाखवत असेल, तर खरी पातळी ८६ ते ९४ यांमध्ये कुठेही असू शकते. सावळ्या व काळ्या त्वचेच्या व्यक्तींमध्ये यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवण्याची शक्यता अधिक असते. २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ दाखवले असताना प्रत्यक्ष पातळी ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के, तर गौरवर्णीयांत सुमारे ४ टक्के आढळले. गौरवर्णीयांवर पारखलेल्या यंत्राचा दोष ज्यांना भोगावा लागतो त्यांची संख्या जगात फार मोठी आहे, आणि हा प्रश्न आजवर मिळाले त्यापेक्षा कितीतरी अधिक लक्ष मागतो.

आणखी एक मर्यादा अशी की यंत्र टक्केवारी सांगते, एकूण साठा नाही. हिमोग्लोबिन १५ ऐवजी ७ असलेल्या रुग्णाचा आकडा ९८ येऊ शकतो, पण त्याच्या रक्तातील ऑक्सिजन निम्म्याहूनही कमी असतो.

कोणत्या आकड्याला डॉक्टरांकडे जावे?

समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या निरोगी व्यक्तीत ९५ ते १०० ही नेहमीची पातळी आहे. संसर्ग झालेला असताना ती ९४ किंवा त्याखाली स्थिरावली तर त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि ९० च्या खाली गेली तर ती तातडीची स्थिती समजावी. यामागचे कारण हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे. ९० टक्क्यांपर्यंत आंशिक दाब बराच उतरला तरी टक्केवारी हळूहळू घटते, परंतु ९० टक्के म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर, आणि तिथून पुढे दाबातील थोड्याशा घसरणीनेही टक्केवारी वेगाने कोसळते. आकडा चांगला असूनही ओठ निळसर होणे, बोलताना धाप लागणे, छातीत दुखणे, असंबद्ध बोलणे किंवा अतिशय गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले तर यंत्राकडे न पाहता रुग्णालय गाठावे.

तान्ह्या बाळांसाठी हेच निकष लागू होतात का?

आरएसव्हीसारख्या विषाणूंमुळे बाळांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना सूज येते, तेव्हा केवळ आकड्यावर निर्णय घेणे योग्य नसते. अशा बाळांना ९० टक्क्यांपासून पुढे स्थिर मानले, तरी ९४ टक्क्यांची वाट पाहिलेल्या बाळांइतकीच ती सुखरूप बरी होतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत आढळले. बाळ दूध ओढते आहे का, बरगड्यांमधली त्वचा आत खेचली जाते आहे का, श्वास मध्येच थांबतो आहे का, याला अधिक महत्त्व आहे, आणि त्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

ऑक्सिजन दिल्याने विषाणू मरतो का?

नाही. ऑक्सिजन अवयवांना जगवतो आणि फुफ्फुसांना बरे होण्यासाठी अवधी मिळवून देतो. तो विषाणूनाशक नाही, त्यामुळे रक्तातील पातळी चांगली असलेल्या रुग्णाने सिलिंडर लावून घेतल्याने संसर्ग लवकर बरा होत नाही.

तरीही ऑक्सिजनची गरज आहे की नाही, यावरून कोणते औषध द्यायचे हे मात्र ठरू शकते. २०२० मधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील कोव्हिड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक-पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. ऑक्सिजन घसरण्यापूर्वी आजारात विषाणूच्या वाढीचा भाग मोठा असतो आणि घसरल्यानंतर शरीराने पेटवलेल्या दाहाचा. दाह शमवणारे औषध पहिल्या टप्प्यात देणे म्हणजे चांगली चाललेली प्रतिकारयंत्रणा दाबणे होय. घरच्या घरी, स्वतःच्या मनाने स्टिरॉइड सुरू करण्याला माझा ठाम विरोध आहे तो यामुळेच.

गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर?

दीर्घकाळ अतितीव्र ऑक्सिजन दिल्यास क्रियाशील रेणूंमुळे फुफ्फुसांच्या पेशींना इजा होते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत बहुतेक रुग्णांसाठी ९४ ते ९८ टक्के, तर दीर्घकालीन श्वसनविकारामुळे कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य दिले आहे. गंभीर कोव्हिड रुग्णांवरील ‘हॉट-कोव्हिड’ चाचणीत आंशिक दाब ९० ऐवजी ६० मिलिमीटरवर राखलेले रुग्ण कृत्रिम आधाराविना अधिक दिवस जगले.

उंच प्रदेशात राहणाऱ्यांना विषाणूसंसर्ग कमी होतो का?

साथीच्या सुरुवातीला असा दावा केला गेला. सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, आणि उंचावरच्या रहिवाशांच्या शरीरात एचआयएफशी संबंधित बदल घडलेले असतात, हे खरे आहे. पण तिथे वस्ती विरळ असते, लोकांचे वय आणि प्रवास वेगळे असतात, चाचण्यांची सोय कमी असते. हे घटक बाजूला काढल्याशिवाय श्रेय ऑक्सिजनला देता येत नाही. ज्यांची नेहमीची पातळीच ९० च्या आसपास आहे, त्यांच्यासाठी धोक्याचा आकडाही स्थानिक डॉक्टरांनी ठरवावा लागतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ घेतल्याने ऑक्सिजन वाढतो, हे खरे आहे का?

हे मुळीच करू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ओझोन फुफ्फुसांत गेल्यास त्यांच्या अस्तराला भाजल्यासारखी इजा होते, आणि आधीच सुजलेल्या फुफ्फुसांत ती जीवघेणी ठरू शकते.

एचआयएफवर काम करणारी औषधे विषाणूंविरुद्ध उपयोगी पडतील का?

एचआयएफवर खूण उमटवणाऱ्या विकरांना रोखणारे रॉक्साडुस्टॅट हे औषध मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजारातील रक्तक्षयासाठी अनेक देशांत वापरले जाते. ऑक्सिजन पुरेसा असतानाही ते पेशीला तो कमी असल्यासारखे वागायला लावते. पेशींवरील प्रयोगांत आणि हॅमस्टरमध्ये त्याने कोव्हिडच्या विषाणूची वाढ कमी केली. माणसांतील उपचार म्हणून त्याकडे पाहण्यास एवढा पुरावा पुरेसा नाही, आणि ते विषाणूविरोधी औषध म्हणून स्वतःहून घेणे सर्वथा चुकीचे आहे. शिवाय एचआयएफ सक्रिय झाल्याने यकृतदाह बी विषाणूच्या जनुकांचे वाचन वाढते, तर एपस्टाइन-बार विषाणू सुप्तावस्थेतून बाहेर येऊ शकतो, आणि हे दोन्ही विषाणू जगभर असंख्य लोकांच्या शरीरात आधीपासून मुक्काम करून असतात. त्यामुळे अशा औषधाची चाचणी करताना, ज्या विषाणूसाठी ते दिले जात आहे त्याच्याबरोबरच रुग्णाच्या शरीरात दडून बसलेल्या इतर विषाणूंवरही नजर ठेवावी लागेल.